मुलीला सिलियाक निघालं, आता अख्ख्या घराने गहू सोडायचा का?

डिचोलीकरीण:

नमस्कार मंडळी. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. मागच्या महिन्यात तिला सिलियाक (गहू, बार्ली, राय ह्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतडं खराब होतं तो आजार) असल्याचं नक्की झालं. गेली दोनेक वर्षं उंची जवळजवळ थांबल्यासारखीच, प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली, हिमोग्लोबिन वाढायचं नाव नाही, लोहाचं औषध चालू असेपर्यंत जरा वर आणि बंद केलं की परत खाली. पोटात दुखतंय म्हणायची, मग जंताचं औषध, मग परत तेच. शेवटी एका डॉक्टर बाईंनी टीटीजी म्हणून रक्ताची तपासणी करायला लावली, ती भरमसाट जास्त आली, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासले आणि तेच निघालं. आता गहू, बार्ली, राय सगळं बंद, आणि ते जन्मभर.

प्रश्न औषधाचा नाही कारण औषध मुळी नाहीचये, पथ्य हेच औषध. प्रश्न घराचा आहे. आमचं एकत्र कुटुंब, सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांचा मुलगा सहावीत, आणि माझा धाकटा बालवाडीत. सकाळ-संध्याकाळ पोदेर (पाववाला) दारात पों पों करतो आणि उंडे-पोळी घेतल्याशिवाय सासऱ्यांचा चहा होत नाही (पोळी म्हणजे पोदेराची, कोंडा लावलेली, बाहेरच्या लोकांसाठी सांगते). तर आमचे हे म्हणतात की उद्यापासून कोणीच गव्हाला हात लावायचा नाही, घरातली एक जण खाऊ शकत नाही तर बाकीच्यांनी तिच्या समोर बसून खायचं कसं. जाऊबाई काही बोलल्या नाहीत पण त्यांच्या मुलाने डब्यात चपाती न्यायची नाही हे त्यांना पटलेलं नाही हे मला दिसतं, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं पण म्हणवत नाही. सासूबाईंचं वेगळंच, एकीकडे म्हणतात आपण शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) खाणारी माणसं, आपलं गव्हावाचून काय अडलंय, आणि दुसरीकडे पोरगी पावाकडे बघत बसली की हळूच म्हणतात, इल्लोसो खाल्लो म्हूण कितें जाता? (एवढासा खाल्ला म्हणून काय होतं?)

आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती काल रडली, माझ्यामुळे कोणी काही सोडू नका म्हणाली.

तर ज्यांच्या घरी सिलियाक आहे, विशेषतः जे स्वतः लहानपणापासून ह्यात वाढलेत, त्यांनी सांगा की तुमच्या घरच्यांनी काय केलं आणि त्यातलं काय कामाला आलं. नुसतं गुगल करून येणारं ज्ञान नको, ते माझं करून झालंय. चवथ (गणेशचतुर्थी) पण तोंडावर आलीय.

फोंड्याची_पोर:

ताई, मी स्वतः सिलियाकवाली. सातव्या वर्षी कळलं, आता सत्तावीस. उंची नंतर भराभर वाढली, तुमच्या लेकीची पण वाढेल, एवढ्या वयात पथ्य सुरू झालं तर मुलं बरीचशी कसर भरून काढतात. त्यामुळे ती एक काळजी थोडी बाजूला ठेवा.

आमच्या घरी सगळ्यांनी गहू सोडला नव्हता, आणि ते बरंच झालं असं माझं मत आहे. पण नीट वाचा, सोडला नव्हता म्हणजे सगळं पूर्वीसारखं चालू होतं असं नाही. आईने माणसांवर बंदी न घालता स्वयंपाकघरावर घातली. घरात गव्हाचं पीठ मळायचं बंद झालं, कारण पीठ उडतं, ओट्यावर बसतं, पोळपाट-लाटण्याच्या लाकडात शिरतं आणि ते कितीही धुतलं तरी जात नाही. जुनी चाळण, जुना पोळपाट, भाकरीचा तवा हे सगळं काकूकडे गेलं आणि नवीन आलं. दादाला चपाती लागायची ती काकू करून द्यायची, तिचं घर आमच्या कुंपणापलीकडेच. पाव येत राहिला पण तो आत यायचा नाही. पडवीत एक डबा होता, पाव त्यात, खायचं ते पडवीतच बसून, आणि मग हात धुऊन घरात. बाबा सकाळी पेपर वाचत तिथेच चहा-पाव खायचे. लोणी किंवा जॅमची बाटली पडवीत न्यायची नाही, कारण पावाला लागलेली सुरी परत बाटलीत गेली की ती बाटली माझ्यासाठी बाद. बस, एवढाच कायदा. कोणावर जुलूम नाही आणि मला पण दर वेळी हे चालेल का ते चालेल का विचारावं लागत नव्हतं. स्वयंपाकघरात जे आहे ते सगळं माझं, डोळे मिटून खा. लहान पोराला ही मोकळीक किती मोठी असते हे मोठ्यांना कळत नाही.

आणि जेवण सगळ्यांचं एकच. हे फार महत्त्वाचं. आमच्याकडे मासे रव्यात घोळवून तळायचे, अख्ख्या गोव्यात तेच करतात, तर तो रवा गेला आणि तांदळाचं पीठ आलं, सगळ्यांसाठीच. इसवण असो की बांगडे, पिठात जरा मिरपूड-हळद घातली की कुरकुरीत होतात, पाहुण्यांना तर कळायचं पण नाही. सकाळी घावन, आंबोळी, नाचण्याचं तिजान, अकरा वाजता पेज. तोणाक पावाबरोबर खायची सवय असते पण ते भाकरीबरोबर पण झकास लागतं. दिवाळीला आपल्याकडे फोवच असतात, दुधातले, ताकातले, रोसातले, त्यात गहू येतो कुठे? पातोळ्या, उकडीचे मोदक, मणगणें, खतखतें, सगळं चालतं. खरं सांगू, पंजाबात जन्मले असते तर मेले असते, गोव्यात जन्मले हे नशीब.

जे खरोखर त्रासाचं होतं ते घरात नव्हतंच, बाहेर होतं. लग्नात, बारशाला, सत्यनारायणाला. शिऱ्याचा प्रसाद हातावर ठेवतात आणि नाही म्हटलं की बायका डोळे मोठे करतात. बाबांनी ह्याची एक युक्ती केली होती, ते आदल्या दिवशी यजमानांना फोन करायचे आणि सांगायचे की आमच्या पोरीला प्रसादाचं केळं आणि तीर्थ बाजूला ठेवा, शिरा नको, गव्हाने तिचं आतडं सुजतं. इतकं सरळ. माफी मागितल्यासारखं नाही की भांडल्यासारखं नाही. त्यांनी ते इतकं सहज केलं की मला पण पुढे ते सहज जमायला लागलं. उलट आमची आजी, ती लग्नाच्या पंगतीत वाढप्याला मोठ्याने हाक मारून विचारायची, रवो घातला रे हातूंत? सगळी पंगत बघायची. बाराव्या-तेराव्या वर्षी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. आता ती नाही आणि अशा पंगतीत बसले की तिची आठवण येते हे वेगळं.

अजून एक, पाकिटं वाचायचं काम घरच्यांनी माझ्यावर टाकलं. दुसरी-तिसरीतच. दुकानात आई पाकीट माझ्या हातात द्यायची आणि मी वाचून दाखवायची, मग आई परत वाचायची, पण निर्णय आधी माझा. ह्यामुळे मी पुढे कोल्हापूरला हॉस्टेलवर गेले तेव्हा कोणाला काळजी नव्हती, एक राइस कुकर, एक तवा, तांदळाचं पीठ आणि माझं डोकं. मैत्रिणींच्या घरच्यांनी जे पोरींचं सगळं स्वतः सांभाळलं त्या पोरी बाहेर गेल्यावर गोंधळल्या, असं मी बघितलंय, सिलियाकच असं नाही, डायबेटीसवाल्या पण.

तुमची लेक म्हणाली की माझ्यामुळे काही सोडू नका, त्याच्याकडे लक्ष द्या. तिला ओझं व्हायचं नाहीये. जाऊबाईंच्या मुलाने डब्यात चपाती नेऊ दे, बाहेरून करून आणा हवी तर. त्याचा राग शेवटी तुमच्या मुलीवरच निघणार ना.

लॅबवाली:

मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे मी फक्त तपासणीचं बोलते, पण ते आधी वाचा.

घरात कोणीही गहू सोडायच्या आधी बाकीच्यांची तपासणी करून घ्या!! सिलियाक अनुवंशिक बाजूचं आहे, सख्खी भावंडं, आई, बाप ह्यांना ते असण्याची शक्यता इतर लोकांपेक्षा बरीच जास्त असते, आणि पुष्कळदा काही लक्षण नसतं, पोट ठणठणीत आणि आतून आतडं खराब. तर तुमचा धाकटा, तुम्ही आणि मिस्टर, तिघांची टीटीजी आयजीए (आयजीए म्हणजे रक्तातली एका प्रकारची अँटीबॉडी) आणि त्याच्याबरोबर टोटल आयजीए पण करा. टोटल कशाला, तर काही लोकांच्या अंगात आयजीएच कमी असतं, मग टीटीजी आयजीए नॉर्मल दिसते आणि आपण निर्धास्त होतो. आणि मेख अशी आहे की ही तपासणी माणूस रोज गहू खात असतानाच खरी येते. गहू बंद केला की शरीर ती अँटीबॉडी बनवणं कमी करतं आणि काही महिन्यांत रिपोर्ट नॉर्मल यायला लागतो. मग आजार आहे की नाही ते कळायला परत काही आठवडे गहू खायला घालावा लागतो, लहान मुलाला तर ते फार जिकिरीचं. आमच्याकडे अशी माणसं येतात, कोणीतरी सांगितलं म्हणून सहा महिने गहू सोडलेला आणि मग म्हणतात आता टेस्ट करा. काय करणार.

म्हणून उद्यापासून सगळ्यांनी बंद हा विचार निदान महिनाभर तरी पुढे ढकला. मुलीचं मात्र आजपासूनच काटेकोर, तिचं निदान झालंय.

धाकट्याची आत्ता नॉर्मल आली तरी ते कायमचं प्रमाणपत्र नाही, पुढे होऊ शकतं, तुमच्या डॉक्टरांना विचारून काही वर्षांनी परत करा. जीनची पण एक तपासणी असते, एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८. ती निगेटिव्ह आली तर सिलियाक जवळजवळ होतच नाही, पण पॉझिटिव्ह आली तर आजार आहे असं नाही, कितीतरी धडधाकट लोकांत ती असते. तर आधी साधी तपासणी.

मुलीची टीटीजी साधारण सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने परत करतात. ती हळूहळू उतरते, पहिल्याच रिपोर्टला शून्य आली नाही म्हणून घरात कोणी कोणाला चोरून काय खाल्लंस विचारत बसू नका. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड बघतात.

साष्टीचा_बाप:

वरच्या फोंडेवालीचं लिहिलेलं आवडलं पण मला पटलं नाही, म्हणजे सगळं नाही. आम्ही मडगावला, तिघंच, मुलगा चार वर्षांचा असताना कळलं आणि तपासण्या झाल्यावर आम्ही दोघांनी सरळ गहू बंद केला, घरात येतच नाही. चार वर्षांच्या पोराला पडवी आणि स्वयंपाकघर काय समजावणार, ते जमिनीवर पडलेला तुकडा पण तोंडात घालतं. मोठ्या मुलीचं ठीक आहे, ती नऊ वर्षांची आहे, पण तुमच्याकडे बालवाडीवाला पण आहे ना, तो हातात पाव घेऊन घरभर फिरणार, ताईच्या ताटात हात घालणार. त्याचा विचार करा. आम्हाला काही जड गेलं नाही, ऑफिसात दुपारी मी पातळभाजी-पाव खातो, बायको माहेरी गेली की खाते, सगळ्यांचं चाललंय. पण एकत्र कुटुंबात हे चालेल का ते मला सांगता येणार नाही, तिथे दहा डोकी.

बाकी दोन-तीन जागा सांगतो जिथे आम्हाला वेळ लागला.

गिरण. तांदूळ घरचा, नाचणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली, सगळं शुद्ध, आणि दळायला कुठे, तर जिथे आत्ताच कोणाचे तरी दहा किलो गहू दळून झालेत तिथे. पहिले किलो-दोन किलो तर त्याचंच पीठ येतं. गिरणवाला चांगला माणूस आहे, म्हणाला आधी तुमचं दळतो, पण जात्यात आदल्या दिवशीचं असतंच ना. शेवटी घरघंटी घेतली. महाग वाटली पण ग्लुटेन-फ्री लिहिलेल्या पिठाच्या पाकिटांचे भाव बघितले तर ती कधीच वसूल झाली. तुमचं एकत्र कुटुंब आहे, सगळ्यांत मिळून घ्या, पण त्यात गहू कधीच घालायचा नाही, एकदा पण नाही. थोडंसंच हवं असेल तर तांदूळ धुऊन वाळवून मिक्सरला पण होतं.

हिंग. डबी उलटी करून वाचा. बाजारात मिळतो तो हिंग नुसता हिंग नसतो, त्यात डिंक आणि मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तांदळाच्या पिठातला पण मिळतो, शोधावा लागतो. आणि नुसतं घरातलं नाही, बाहेरचं लोणचं, पापड, फरसाण, सगळ्यात हिंग. आम्ही सहा महिने सगळं पाळत होतो आणि पोराचा रिपोर्ट काही हलेना, मग डॉक्टरांनीच विचारलं हिंग कोणता वापरता.

दुधात घालायची पावडर. उंची वाढते म्हणून देतात ना, त्यातल्या बऱ्याचशा माल्टच्या असतात आणि माल्ट म्हणजे बार्ली. मुलगी अशक्त म्हणून कोणीतरी मायेने नक्की आणून देणार, लक्ष ठेवा. सोया सॉस पण गव्हाचा. मध्यंतरी २०२४ ला म्हापसा पालिकेने गोबी मंचुरियनवर बंदी आणली तेव्हा सगळा गोवा हसत होता, मी म्हटलं आमच्या घरी ती केव्हाची आहे, मैदा पण आणि सॉस पण.

पाकिटावर आपल्या एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियम आहे, ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रामपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. नुसतं गहू नाही लिहिलं असेल तर त्याचा काही उपयोग नाही, बार्ली असू शकते. ओट्सचं पण तसंच, ओट्स स्वतः बहुतेकांना चालतात पण ते गव्हाच्याच कारखान्यातून येतात, आणि सुरुवातीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच.

पेडण्याचे_मास्तर:

बाय, तुझ्या सासूबाईंचा तो इल्लोसोवाला प्रश्न मला फार ओळखीचा वाटला. माझ्या नातीला सिलियाक आहे आणि हा प्रश्न आमच्या घरी माझ्या बायकोचा होता. मुलगा-सून सांगून थकली, डॉक्टरांनी सांगितलं, ऐकायला तयार नाही. म्हणायची आमच्या काळी नव्हते असले आजार.

मी निवृत्त शिक्षक, मला गोष्ट सांगायची सवय, मी तिला एक खरी गोष्ट सांगितली. हा आजार जुनाच, मुलं खंगून जायची, पोट फुगलेलं आणि हातापायाच्या काड्या, पण कारण कोणाला माहीत नव्हतं. १९२४ मध्ये अमेरिकेत हास नावाच्या डॉक्टरने अशा मुलांना केळी खायला घालून बरं केलं, पाव-बटाटा बंद आणि केळी. सगळ्यांना वाटलं केळ्यात काहीतरी जादू आहे. मग हॉलंडमध्ये डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते, त्यांना गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे तिकडे भयंकर दुष्काळ पडला, पावच मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद खायला लागले. आणि बाकी लोक उपाशी असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली. युद्ध संपलं, पाव परत आला, आणि मुलं परत आजारी पडली. तेव्हा पुरावा मिळाला की रोग पावातूनच येतोय. बायको बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, म्हणजे केळ्याचं काही नव्हतं, पाव बंद होता म्हणून बरी झाली होती? म्हटलं होय. त्या दिवसापासून घरात सगळ्यात कडक तीच. पोदेराकडून पाव घेताना पण नातीचा हात लांब ठेवते.

तर सासूबाईंना धाक घालू नका, कारण सांगा. आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक तंतू असतात, अन्न तेच शोषून घेतात, आणि ह्या मुलांच्या शरीरात ग्लुटेन गेलं की शरीर स्वतःच ते तंतू झिजवतं. थोडं खाल्लं तरी ते काम सुरू होतं, मग पोट दुखो न दुखो. ही ॲलर्जी नव्हे की गोळी घेतली आणि उतरली. आपल्याकडे डॉक्टरांच्याही चटकन लक्षात येत नाही त्याला कारण आहे, उत्तर भारतात हा आजार शंभरात एकाच्या आसपास सापडतो आणि दक्षिणेकडे त्याहून खूपच कमी, आणि आपण तर भातखाऊ.

शाळेचं सांगतो. वर्गशिक्षकांना लेखी द्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. तोंडी सांगितलेलं शिक्षक बदलला की गेलं. माध्यान्ह आहारात पाव-भाजी असते, त्या दिवशी तिचा डबा घरचा. वाढदिवसाला मुलं चॉकलेट-केक वाटतात, तर बाईंच्या कपाटात तिच्यासाठी चालणाऱ्या खाऊचा एक छोटा डबा ठेवून द्या म्हणजे तिला वर्गात नाही म्हणत बसावं लागणार नाही. धाकट्याच्या बालवाडीत रंगीत मऊ पीठ खेळायला देतात ते पण पुष्कळदा गव्हाचं असतं, हातावर लागून काही होत नाही, पोटात गेलं तर होतं, तर त्याचेही हात धुऊन घ्या घरी आल्यावर. सहलीला जाताना मात्र बाकीच्यांबरोबर पाठवा, डबा देऊन पाठवा, घरी ठेवू नका. मी माझ्या नोकरीत कितीतरी आजारी मुलं बघितली जी आजारापेक्षा घरी ठेवल्याने मागे पडली.

माझ्या मते घरभर बंदी नको, पण चतुर्थीचे दिवस मात्र सगळ्यांनी तिच्यासारखं खावं. सण एकत्रच व्हायला हवा.

डिचोलीकरीण:

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, रात्री हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं घरी. मास्तरांची हॉलंडची गोष्ट सासऱ्यांनी परत एकदा वाचायला लावली आणि सासूबाईंनी विचारलं ट्यूलिप म्हणजे कसला कंद, सुरणासारखा का. इल्लोसो निदान आजचा दिवस तरी ऐकू आला नाही.

लॅबवाली ताई, तुमचं वाचून ह्यांचा उत्साह जरा थंड झाला, आम्हाला हे कोणीच सांगितलं नव्हतं. धाकटा आणि आम्ही दोघं, सोमवारी रक्त द्यायला जातोय. दिरांनी पण आपल्या मुलाचं विचारलं, त्याची करावी का?

पडवीचं जाऊबाईंनीच उचललं. आमच्या मागच्या बाजूला जुनी न्हाणी आहे, तिच्या बाहेर गॅसची एक शेगडी पडून आहे, तिथे मी माझ्या पोराची चपाती करीन, पीठ तिथेच ठेवीन, आत आणणार नाही असं त्या स्वतःहून म्हणाल्या. मला खरंच बरं वाटलं, कारण मी मागितलं असतं तर ते वेगळं झालं असतं. पोरगी मात्र अजून साशंक आहे, विचारते आजोबांना पडवीत एकट्याने चहा प्यावा लागणार का. सासरे म्हणाले एकट्याने कशाला, तू तुझी आंबोळी घेऊन ये.

आता राहिली चवथ. नेवऱ्यांशिवाय (करंज्यांशिवाय) माझ्या सासूबाईंची चवथ होत नाही, आणि मैद्या-रव्याची नेवरी तर बाद. आणि पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस, केक पाहिजेच म्हणते. फोंड्याच्या ताई, काय करायच्या तुमच्याकडे?

फोंड्याची_पोर:

नेवऱ्या उकडीच्या करा, मोदकाचीच उकड, मोदकाचंच सारण, फक्त आकार नेवरीचा, आणि वाफवायच्या. तळलेलीच हवी असेल तर आमची आई त्याच उकडीची करून तळायची पण उकड चांगली मळलेली पाहिजे, कुठे चीर राहिली की तेलात फुटते आणि गूळ बाहेर येऊन कढई काळी. महत्त्वाचं म्हणजे तेल कोरं आणि तिच्या आधी तळायच्या. आधी मैद्याच्या तळल्या आणि त्याच तेलात तिच्या टाकल्या तर सगळी मेहनत वाया. आमच्याकडे शेवटी सगळ्यांसाठीच उकडीच्या व्हायला लागल्या, कारण दोन प्रकार करायला आईला कंटाळा.

माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळांची) आणि बाकी नैवेद्याचं काही टेन्शन नाही, पंचखाद्याला पण गहू लागत नाही.

केकचं म्हणाल तर तवसळी करा! मोठं तवसं (काकडी) किसून, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर. वर मेणबत्ती लावायची. काही घरी तवसळी गव्हाच्या रव्याची करतात म्हणून कोणी आणून दिली तर विचारून घ्या, घरची मात्र बिनधास्त. पहिली दोन वर्षं मी पण नाक मुरडलं होतं कारण बाकीच्या मुलींच्या वाढदिवसाला क्रीमचा केक, पण मग मैत्रिणीच तवसळी मागायला लागल्या. क्रीमचा पण होतो तांदळाच्या पिठाचा, जरा भुसभुशीत होतो, अंडं जास्त लागतं.

आणि नाताळात शेजारून कुस्वादाचं (नाताळच्या गोडाधोडाचं) ताट आलं तर त्यातलं दोदोल तिचं, तांदूळ, गूळ आणि नारळाचा रस असतो त्यात. बेबिंकात मैदा, नेवऱ्यात मैदा. आमच्या शेजारच्या आंटीला माहीत झाल्यावर ती दोदोल वेगळ्या पानात बांधून द्यायची, इतर गोडाच्या अंगाला लागलेलं नको म्हणून. सांगितलं की लोक करतात हो, आपणच सांगत नाही.

साष्टीचा_बाप:

आईस्क्रीमचं राहिलं. कोन नाही, कप. आणि दुकानदाराचा चमचा आधी कोनवाल्या खोक्यात गेलेला नसावा. हॉटेलात मासे खायचे तर तळलेले सांगूच नका, रवा नको म्हटलं तरी तेल तेच असतं. हुमण-शीत घ्या, तवा वेगळा धुऊन भाजून देणार असतील तर विचारा. विचारायला लाजू नका, आम्हाला एका ठिकाणी वेटर म्हणाला रवा म्हणजे गहू थोडाच, रवा वेगळा. त्यामुळे गहू घालू नका एवढं सांगून भागत नाही, रवा, मैदा, पाव, सोजी सगळी नावं घ्यायची.

लॅबवाली:

दिरांच्या मुलाचं. चुलत भाऊ म्हणजे सख्ख्याइतकी शक्यता नाही, पण उंची कमी, रक्त कमी, जुनाट जुलाब किंवा बद्धकोष्ठ असलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवून करा, नाहीतर घाई नाही.

सोमवारी उपाशीपोटी जायची गरज नाही ह्या तपासणीला, धाकट्याला पोटभर खायला घालून आणा, रडतं कमी. आणि सोमवारपर्यंत त्याचा पाव चालू ठेवा. रिपोर्ट आले की इथे विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण फोटो टाकताना नाव आणि नंबर झाका, लोक तसेच टाकतात.

डिचोलीकरीण:

हो झाकेन. चालू ठेवलाय पाव, आत्ताच एक उंडा संपवून आला, हात धुतो म्हणून गेला आणि ताईच्या फ्रॉकला पुसून आला.